कोरडा परकर कुणी घेतला?

मागच्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं, की मुलाबाळांना घेऊन थीम पार्कला जाताना बॅगेत काय राहून जातं? पत्रं भरपूर आली. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, पाण्याची बाटली हे सगळ्यांच्या याद्यांत होतंच, त्यामुळे त्यावर मी फार शाई खर्च करत नाही. जे यादीत येतच नाही, त्याबद्दल बोलू या.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याविषयी. साताऱ्यात मुलींच्या शाळेत मी सव्वीस वर्षं खेळाची बाई होते. सहल कायम माझ्याकडे. सुरुवातीची कित्येक वर्षं आम्ही मार्वेच्या धक्क्यावरून बोटीत बसून गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायचो. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं आणि आमची बस तिकडे वळली. चाळीस-बेचाळीस पोरींची पिशवी भरून जे शिकले, तेच इथं सांगते.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोन दिवस इमॅजिकाला जाणार आहोत. एक दिवस थीम पार्क, एक दिवस वॉटर पार्क. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकरा, सोबत सासूबाई (वय ६८). यादी केली आहे, पण काहीतरी सुटतंय असं वाटतंय.
— एक आई, बारामती

ताई, यादी तुम्ही सोबत जोडलीत हे फार बरं केलंत. मुलीचे चार ड्रेस, मुलाचे तीन, यजमानांचे दोन टी-शर्ट आणि बर्म्युडा. सासूबाईंच्या नावापुढे फक्त ‘गोळ्या’. तुमच्या नावापुढे काहीच नाही. सुटतंय ते हेच.

पण आधी मुलीचं बघू. आज संध्याकाळी शिवणाची टेप घ्या, तिला भिंतीला टेकवून उभी करा आणि उंची मोजा. जे बूट घालून जाणार तेच पायात हवेत. प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते, आणि तिथला माणूस एक बोटभरही सूट देत नाही. देऊही नये, कारण सीटवरचा दांडा त्या उंचीच्या शरीरासाठीच बनवलेला असतो. माझ्या एका सहलीत पाचवीतली एक बारीकशी पोर पाऊण तास रांगेत उभी राहिली होती. नंबर आला तेव्हा पट्टीपाशी उभ्या असलेल्या मुलानं तिच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला. वर बांधलेल्या वेणीचा फुगा दबून खाली बसला आणि हात पट्टीच्या रेषेखाली आला. ती रडली नाही. टाचा उचलून तशीच उभी राहिली. ते मला अजून दिसतं. तेव्हा उंची घरी मोजा, पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची अट बघा, आणि मुलीला घरीच सांगा की यात बसायचं, त्यात पुढच्या वेळी.

आता वॉटर पार्क. तिथं सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा तत्सम कापडच लागतं. कारण साधं आहे : सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचा धागा सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतो, आणि जीन्सची धातूची बटणं नि चेन घसरगुंड्या ओरबाडतात. मुलांसाठी लोक आठवणीनं कपडे घेतात, मोठी माणसं मात्र ‘आम्ही कुठे उतरणार’ म्हणून येतात. आणि मग आत गेल्यावर कृत्रिम लाटा सुटतात, गाणी लागतात, लेकरू हात ओढतं, आणि माणूस उतरतंच! मग तिथल्या दुकानातून मिळेल ते, मिळेल त्या भावात. तुम्ही घरूनच दोन जोड घेऊन जा : स्वतःसाठी लांब बाह्यांचा नि पायघोळ, आणि एक सासूबाईंसाठी.

सासूबाई नको म्हणतील. तरी घ्या. आणि त्या पाण्यात उतरल्या नाहीत तरी त्यांच्यासाठी कोरडी साडी आणि कोरडा परकर घ्या. परकर मी मुद्दाम लिहितेय. वरची साडी लोक घेतात, आतलं विसरतात. ओला परकर पायांना चिकटून एसी गाडीत चार तास बसणं काय असतं, ते ज्या बायका बसल्यात त्यांनाच ठाऊक. मांड्या सोलवटतात, लघवीची जळजळ सुरू होते, आणि घरी येऊन ती बाई कुणाला काही सांगत नाही. तीच गोष्ट मुलांच्या कोरड्या चड्ड्यांची. माणशी दोन जास्तीच्या.

दागिन्यांचं सांगायला हवं. मंगळसूत्र, पाटल्या, अंगठ्या घरी ठेवा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. ज्यांना गळा रिकामा ठेवायचा नसतो त्यांनी काळ्या मण्यांची साधी दोऱ्यात ओवलेली पोत घालावी. आमच्या शाळेतल्या एका बाईंची डोरल्याची वाटी लाटांच्या तळ्यात गेली. ती शोधायला दिवसभर माणसं उतरली, पण सापडली नाही. त्या बाई पुढच्या कुठल्याच सहलीला आल्या नाहीत.

ओले कपडे कशात आणणार? प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर आपल्याकडे २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे आयत्या वेळी तिथं कुणी पिशवी देणार नाही. रेक्झिनची एक मोठी पिशवी घ्या, तोंडाला नाडी असलेली. आणि दोन जुने पंचे. टर्किश टॉवेल एकदा भिजला की दोन किलोचा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास मारतो. पंचा पिळून झटकला की तासाभरात वाळतो.

एक शेवटचं. तुम्ही बोरघाट उतरून खाली जाल तेव्हा हवा बदलते. बारामतीचा उन्हाळा कोरडा, घाम आला तसा वाळतो. खोपोलीला कोकणची दमट हवा लागते, तिथं घाम अंगावरच राहतो नि अंग निवत नाही. सावलीत बसलेलं माणूससुद्धा तिथं गळून जातं. सासूबाईंसाठी हातपंखा घ्या, ताडाचा किंवा पुठ्ठ्याचा. बॅटरीचा दुपारपर्यंत बंद पडतो.

प्रश्न : माझ्या मुलाला घाटात हमखास गाडी लागते, आणि मागच्या वर्षी पार्कमध्ये दुपारी चारला दोन उलट्या होऊन तो मलूल पडला. आम्ही ओआरएसचं टेट्रापॅक दिलं, पण फरक वाटला नाही.
— एक वडील, लातूर

दादा, गाडी लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, मुलाच्या वजनाप्रमाणे, आणि घाट यायच्या किमान अर्धा तास आधी. घाटात उलटी झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते. त्याला पुढे बसवा, लांबचं बघायला सांगा, हातात मोबाइल देऊ नका. वर्तमानपत्र आत घालून तयार केलेल्या चार कागदी पिशव्या सीटच्या खिशात ठेवा. वर्तमानपत्र ओल धरतं, पिशवी फाटत नाही.

आता ओआरएस. इथं मला जरा कळकळीनं बोलायचंय. दुकानात ज्यूसच्या फळीवर जे गोड पेय ओआरएससारखं नाव लावून उभं असायचं, ते ओआरएस नव्हे. त्यात साखर जास्त आणि क्षार कमी. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली, पण लोकांच्या तोंडी जुनं नाव बसलेलं आहे. खरं ओआरएस औषधाच्या दुकानात पावडरीच्या पाकिटात मिळतं, आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो. एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट, असं ते मोजूनमापून ठरलेलं आहे. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना मिठाला सोबत नेतं आणि मिठामागे पाणी जातं. प्रमाण बिघडलं, साखर वाढली, की उलटं होतं आणि जुलाब वाढतात.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजलं आणि माणसं वाचवली. मी मुलींना दरवर्षी बसमध्ये ही गोष्ट सांगायचे. पाकीट फोडताना त्यांना कळायला हवं, की हातात काय आहे.

तर मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं २०० मिलिलिटरचं. वाचून बघा. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी. अर्धं पाकीट ग्लासात टाकून ‘अंदाजानं’ नको. म्हणून सोबत मापाच्या खुणा असलेली बाटली हवी, ती लोक हमखास विसरतात. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं द्या. घटाघटा प्यायला दिलं तर परत येतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका. मूल झापड आल्यासारखं करायला लागलं, अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, तर ओआरएस पाजत बसू नका. पार्कमधल्या प्रथमोपचार केंद्रात न्या आणि तिथून दवाखान्यात.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची. वर्गातल्या मैत्रिणींबरोबर वॉटर पार्कला जायचं ठरलंय आणि तारीख नेमकी तिच्या पाळीच्या आसपास येतेय. गोळी देऊन पाळी पुढे ढकलावी का?
— नाव नको, सोलापूर

गोळी तुम्ही आपल्या मनानं देऊ नका. तेरा वर्षांच्या मुलीला तर नाहीच. डॉक्टरांकडे जायचं तर जा, पण सहलीसाठी एवढ्या लहान वयात ते नको, असं माझं मत आहे.

पॅड लावून पाण्यात उतरता येत नाही, ते पाणी पिऊन फुगतं आणि घात करतं. टॅम्पॉन किंवा कप वापरता येतो, पण तो घरी दोन-तीन महिने वापरून सवय झालेली असेल तरच. पहिला प्रयोग वॉटर पार्कच्या बाथरूममध्ये, बाहेर मैत्रिणी हाका मारतायत, असा होऊ नये. काही घरांत आजही ‘लग्नाआधी टॅम्पॉन नको’ म्हणतात. त्याला वैद्यकीय आधार नाही.

पाळी आलीच, तर ती कोरड्या राइडमध्ये बसू शकते, काठावर पाय सोडून बसू शकते, आणि मैत्रिणींना सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं. तिच्या बॅगेत एक छोटा पाऊच हवा : चार पॅड, दोन गडद चड्ड्या, कागदी पिशव्या, पोटात दुखण्याची तिला चालणारी गोळी, आणि कमरेला बांधायला गडद रंगाचा जाडसर शर्ट. तारीख लांब असली तरी पाऊच हवाच. दिवसभराची धावपळ नि जागरण झालं की तारीख बदलते, हे मी बसमध्ये किती वेळा पाहिलंय! माझ्या पिशवीत पॅडचं पाकीट कायम असायचं आणि पोरींना ठाऊक असायचं, की बाईंकडे मागायला लाजायचं नाही.

प्रश्न : मला पंधरा वर्षं मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. मुलगा-सून-नातवंडांबरोबर जायचं आहे, पण पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत असं ऐकलं. माझ्यामुळे सगळ्यांचा विरस होऊ नये.
— एक आजोबा, रत्नागिरी

आजोबा, विरस कसला? तुम्ही नीट तयारीनं गेलात तर नातवंडांना आजोबा दिवसभर मिळतील.

बाहेरचं खाणं बंद असतं हे खरं. पण औषध आणि औषधाबरोबर लागणारं खाणं, तसंच तान्ह्या बाळाचं दूध-पेज, यासाठी दारावर बोलता येतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. मोबाइलमधला फोटो नको, कागद हवा, आणि त्यावर ‘इन्सुलिन घेतात, वेळेवर खाणं आवश्यक’ एवढं एक वाक्य लिहून घ्या. दारावर सौम्यपणे चिठ्ठी दाखवायची, नाही ऐकलं तर वरच्या माणसाला भेटायचं. आदल्या दिवशी फोन करून विचारलंत तर उत्तमच.

शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पावडर किंवा साखरेच्या पुड्या. बॅगेत नव्हे, खिशात, कारण बॅग लॉकरमध्ये जाते. हातपाय थरथरले, घाम फुटला, की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. सुनेला हे आधी दाखवून ठेवा. इन्सुलिनचं पेन गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर कधीही ठेवू नका. मेमधल्या बंद गाडीत ते खराब होतं, आणि दिसायला मात्र तसंच दिसतं. गार राहणारा पाऊच मिळतो, तो जवळच ठेवा. बर्फाला थेट लावू नका, गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं.

आता जे कुणी सांगत नाही ते. वॉटर पार्कमध्ये लोक चप्पल काढून हिंडतात. दुपारी एकच्या उन्हात तिथली फरशी तव्यासारखी तापते. लहान मुलं उड्या मारत पळतात, कारण त्यांना चटका जाणवतो. पंधरा वर्षांच्या मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते. चटका बसतो, फोड येतो, आणि कळतं ते रात्री मोजा ओला लागला म्हणून. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं, एका देवळाच्या आवारात. अंगठ्याखालचा फोड भरायला चार महिने लागले. म्हणून पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट घ्या, पायाला मागून पट्टा असलेले. ते आदल्या आठवड्यात घरात घालून बघा. आणि एक छोटा आरसा ठेवा. रात्री खोलीवर पलंगावर बसून आरशात दोन्ही तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. नातवाला बघायला सांगितलंत तर तो आनंदानं बघेल.

प्रश्न : जुळी मुलं, चार वर्षांची, दोन दिशांना पळणारी. गर्दीत हरवली तर?
— एक बाबा, नागपूर

सकाळी पार्कच्या दारात, त्या दिवशीचे कपडे अंगावर असताना दोघांचे उभे फोटो काढा. घाबरल्यावर आईबापांना लेकरानं निळं घातलंय की हिरवं ते आठवत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येकाच्या खिशात लॅमिनेट केलेली चिठ्ठी, त्यावर तुमचे दोन्ही नंबर. नाव मोठ्या अक्षरात बाहेर दिसेल असं लिहू नका, कुणीही नावानं हाक मारून जवळ बोलावू शकतं. पाण्याच्या दिवशी दंडावर आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या पेननं नंबर लिहा आणि दुपारी पुन्हा गिरवा. मुलांना नंबर चालीत पाठ करून घ्या, चार वर्षांची मुलं पाढा म्हणतात तसा नंबर म्हणतात. आणि शिकवा : हरवलास तर चालत सुटायचं नाही, जिथं आहेस तिथं उभा राहा आणि गणवेश घातलेल्या माणसाला किंवा लहान मूल सोबत असलेल्या बाईला सांग. तुमच्याकडून वेळ न घालवता पार्कच्या सुरक्षा कक्षात जा. गरज लागली तर ११२ आहे, मुलांसाठी १०९८ आहे.

आणि हो, गाडी लावल्यावर रांगेच्या खांबाचाही फोटो काढा. रात्री झोपलेली दोन मुलं खांद्यावर घेऊन गाडी शोधणं नको.

प्रश्न : नाताळच्या सुटीत दुबईला लेगोलँड आणि एक बंदिस्त थीम पार्क बघायचंय. मुलगा आठ वर्षांचा, आई-बाबाही येतील. तिकडे काय न्यावं?
— एक वाचक, ठाणे

तिकडे मी एकदाच गेले, भाचीकडे. काय न्यायचं याआधी काय न्यायचं नाही ते सांगते. खसखस! संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. तुम्ही म्हणाल, खसखस कोण नेतंय? आई डिंकाचे लाडू देईल, त्यात खसखस. अनारशांना खालून लावलेली खसखस. घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही बऱ्याच घरी ती असते. भाचीसाठी केलेला डबा मी मुंबईला विमानतळावर जाताना बहिणीच्या घरी उतरवून गेले. बाबांची औषधंही तपासा : कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी तिकडे नियंत्रित आहे, आधी परवानगी लागते. बाकीची औषधं मूळ पट्टीत, चिठ्ठीसह. गोळ्यांच्या डबीत काढून घातलेली नकोत.

न्यायचं ते स्वेटर. दुबई म्हटल्यावर लोक सुती कपडे भरतात. डिसेंबरात संध्याकाळी गार वारा सुटतो, आणि बंदिस्त पार्कमधला एसी दिवसभर अंगावर येतो. आईसाठी शाल आणि पायमोजे तर नक्की. तिथल्या सॉकेटला तीन चौकोनी पिना लागतात, आपली गोल पिन बसत नाही, म्हणून एक अ‍ॅडॉप्टर आणि आपल्याकडचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. एका अ‍ॅडॉप्टरवर सगळ्यांचे फोन लागतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंत चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे बसते.

लेगोलँड दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे, तेव्हा मुलाचं वय अगदी योग्य. चार वर्षांनंतर जायचं म्हणाल तर उशीर होईल.

प्रश्न : बाई, तुमचं सगळं ऐकलं तर बॅग दहा किलोची होईल. ती उचलणार कोण?
— एक वाचक, नाशिक

ज्याचं सामान त्यानं. आठ वर्षांचं मूल स्वतःची टोपी, बाटली, पंचा, चड्ड्या वाहू शकतं. तुमच्याकडे राहतात कागद, औषधं आणि पैसे. वडिलांच्या पाठीवर एक बॅग, आईच्या पाठीवर एक, वजन सारखं. आईच्या बॅगेत सगळ्यांचं आणि वडिलांच्या खांद्यावर फक्त कॅमेरा, असं मी पुष्कळ बघितलंय आणि मला ते पटत नाही. दुपारी तीनला चिडचिड कुणाची होते ते बघा. जी सकाळपासून ओझं वाहतेय तिचीच होते.

प्रश्न : माझं वय सहासष्ट. मुलगा, सून, नातू निघालेत, मलाही नेतायत, सामान सांभाळायला. मला पाण्यात खेळायचंय. लहानपणी कृष्णेत पोहायचे. पण साडीत उतरू देत नाहीत म्हणे, आणि सुनेला कसं सांगू?
— एक आजी, कराड

काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

सुनेला आजच सांगा. ‘मला पण ते कापड आण’ एवढंच. ती हसेल, पण आणेल. बहुतेक ठिकाणी साडीत पाण्याच्या राइडवर जाऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे, साडी पायात अडकते. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत पायजमा असलेला पोहण्याचा पोशाख मिळतो, वर गुडघ्यापर्यंत कुडत्यासारखा घेर असतो. अंग झाकतं, पाण्यात जड होत नाही. मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या, नाहीतर ओला झाल्यावर काढताना खांदे दुखतात.

रक्तदाब, हृदय, पाठ, गुडघे यांपैकी काही असेल तर प्रत्येक राइडपाशी पाटी असते, ती वाचा आणि पाळा. उंच घसरगुंड्या सोडून द्या. पण संथ वाहत्या पाण्याचा कालवा असतो, त्यात रबरी टायरवर बसून गोल फिरता येतं, आणि लाटांच्या तळ्यात कंबरेपर्यंतच्या पाण्यात उभं राहता येतं. कृष्णेत पोहलेल्या बाईला लाट कशी घ्यायची ते शिकवायला नको. तरी लाइफ जॅकेट घाला. चष्म्याला मागून दोरी बांधा. दात बसवलेले असतील तर काढून डबीत ठेवा, डबी सोबत हवी.

आणि सामान? लॉकर भाड्यानं मिळतो, त्यात जातं सगळं. सामान सांभाळायला माणूस न्यायची गरज नाही, हे मुलाला माझ्या नावानं सांगा.

एक सहल मला विसरता येत नाही. पोरींसाठी बेचाळीस टोप्या, पंचे, पॅड, ओआरएस सगळं होतं माझ्याकडे. संध्याकाळी पोरींनी ओढत मला लाटांत नेलं, आणि बाहेर आल्यावर कळलं, की माझ्यासाठी कोरडं काहीच नाही. आमच्या शाळेच्या मावशी, लुगडं नेसणाऱ्या, त्यांनी न बोलता आपल्या बोचक्यातून धुतलेला परकर आणि घरात घालायचा ब्लाउज काढून माझ्या हातात दिला. मापाला ढगळ होता, साबणाचा वास येत होता. साताऱ्यापर्यंत मी तो घालून आले. तेव्हापासून पिशवी भरताना मी पहिला माझा परकर तळाला घालते आणि मग बाकीच्यांचं.

तुम्हीही तसंच करा. आणि परत आल्यावर मला पत्र टाका, पहिली लाट कशी होती ते.